दाजी म्हणायची सवय

त्या दिवशी मी शेतात निघाले ती फक्त लाल पाकिटं घेऊन. केदारखेड्याला आमचा कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट आहे. दुपारनंतर मादी झाडाची कळी अंगठ्याच्या नखानं सोलायची, वर लाल पाकीट चढवायचं. सकाळी तिला नराचं फूल लावायचं. कळीला कोण विचारतं?

मलाही कुणी विचारलं नव्हतं. माझी थोरली बहीण ताराताई काविळीनं गेली, मागं दोन वर्षांची अर्पिता. "सावत्र आईपेक्षा मावशी बरी. बिलकुल वाद घालायचा न्हाई," आई म्हणाली, आणि भागवतदाजींशी माझं लग्न लावून मोकळी झाली. वर्षभर मी रडले, भांडले. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. माझं डोकं दुखलं की मुकाट्यानं भाकरी थापायचे, निम्मी जळकी. चौथ्या वर्षी कळलं, त्यांच्यावर माझा जीव जडलाय. पण तोंडातून निघायचं 'दाजी'च. 'अहो' ताईचं होतं. ते मी घेतलं तर तिला काय वाटेल, याचीच भीती.

ऊन कललं होतं. कपाशी डोक्याएवढी, वारा पडलेला. शेजारच्या ओळीत पाकिटं कुरकुरली. मी थांबले की तो आवाजही थांबायचा. फांद्या बाजूला केल्या... कुणीच नव्हतं. पण मी हातही न लावलेल्या कळ्यांवर ओळीनं लाल पाकिटं चढलेली, शेवटचं अजून हलत होतं. आवळ्याच्या तेलाचा वास आला. ताई तेच लावायची.

"दाजी!" मी ओरडले.

कानाशी कुणी हळूच बोललं, "दाजी न्हाई, शाले... अहो म्हण."

 सगळा जीव एकवटून मी हाक मारली, "अहो!"

चहाची किटली घेऊन ते बांधावरून धावत आले. "काय म्हणून राह्यली तू?"

"अहो म्हणले."

"मंग... परत एकदा म्हण बरं."

मी म्हटलं. एवढा बाप्या माणूस, चक्क लाजला! मला हसू आलं, रडूही आलं. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

कानाशी कोण बोललं, ते मी त्यांना सांगितलं नाही. निघताना माझा चहाचा कप भरून त्या ओळीत ठेवला. "घे ताई," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याआधी शेतात कुणी आलं नव्हतं. कप विसळून पालथा घातलेला होता. उचलला, तर अजून कोमट...