तारापट्टण का उठतं?

शलाकाचं राज्य दोनदा कोसळलं होतं, आणि दोन्ही वेळा एकाच जागी. तारापट्टण नावाचं शहर बंड करून उठलं आणि राणीला पळावं लागलं. राणी म्हणजे शलाकाच, सहावीतली. मिरजेतल्या शाळांच्या राज्यखेळ-स्पर्धेत तिसऱ्यांदा राज्य पडलं की संघ बाद. साल २०७१ उजाडलं तरी हरलेल्याला चिडवायची रीत काही गेली नव्हती.

"राणीसाहेब, या वेळी पळायची चप्पल आधीच घालून बसा," जोडीदार इरफान म्हणाला.

खेळ चालवणारं यंत्र लबाडी करतं, असं शलाकाचं मत. ते तिनं धोंडूला सुनावलं. धोंडू हा शाळेचा यंत्रमानव. चाल सुचवायची त्याला बंदी. विचारलं तेवढंच सांगायचा.

"मग शहर नेमकं कधी उठतं?" तिनं चिडून विचारलं.

"अटी पुऱ्या होतात तेव्हा. नशीब-बिशीब काही नाही."

मग त्यानं उलगडून सांगितलं. खेळातलं बंड ही 'घटना' (अटी पुऱ्या झाल्या की आपोआप घडणारा प्रसंग) असते. प्रत्येक शहरामागे असंतोषाचा एक लपलेला आकडा असतो. सरदारांना करमाफी दिली की त्यांचा कर शहरावर पडतो, आकडा चढतो. तक्रार घेऊन आलेले व्यापारी-कारागीर हाकलले की आणखी चढतो. तो उंबरठ्याला (ठरवून दिलेल्या मर्यादेला) टेकला की बंड.

शलाकानं आपल्या चाली आठवल्या. तक्रार आली की ती सरदारांची बाजू घ्यायची, कारण घोडदळ त्यांचं. त्याच घोडदळानं शहरातली कुरबुर चिरडायची आणि बक्षीस म्हणून सरदारांना पुन्हा करमाफी द्यायची. आकडा ती स्वतःच चढवत होती आणि शिव्या यंत्राला घालत होती. मोठी माणसंही हेच करतात. त्यांचं खपून जातं, एवढंच.

तिसऱ्या डावात तक्रार आली. पडद्यावर दोन बटणं: सरदार किंवा शहर. तिनं शहर दाबलं. इरफाननं कपाळाला हात लावला. सरदारांवर कर बसला, ते रुसून घोडदळ घेऊन गेले, सीमेवरचा किल्ला शत्रूनं गिळला. तारापट्टण मात्र उठलं नाही. शत्रू वेशीवर आला तेव्हा तटावर लोहार आणि विणकर उभे राहिले. वेळ संपली तेव्हा राज्य लहान झालं होतं, पण उभं होतं. संघ टिकला.

इरफान खूश झाला. शलाका नाही.

"धोंडू, बटणं दोनच का? दोघांना एका सभेत बसवायचं बटण का नाही?"

"खेळ लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही म्हणून."

"मला लिहिता येईल?"

"येईल. नियम माणसंच लिहितात. आधी अटी सांग."

शलाकानं खुर्ची पुढे ओढली.

"सभेत बसायचं तर सरदारांनीही कर भरायचा," ती म्हणाली. "ही पहिली."