बर्फाखालचा धूर

ही गोष्ट २०५८ सालची. मी दहा वर्षांची होते. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात आई मातीचा अभ्यास करायची आणि आम्ही क्री लोकांच्या गावात राहायचो. तिथे माझी गट्टी जमली एलायजा मूशुमशी (क्री भाषेत मूशुम म्हणजे आजोबा).

फेब्रुवारीत मी त्यांच्याबरोबर त्यांच्या वडिलांच्या ओढ्यावर गेले. पाहते तर कमरेइतक्या बर्फातून धूर येत होता. जाळ कुठेच नव्हता.

"मूशुम, बर्फ पेटतो का हो?"

"बर्फ नाही गं पोरी. खालची जमीन."

आईचा यंत्रमानव खोदू आमच्या सोबत होता. त्याने बर्फात सळई खुपसली. "पीट (हजारो वर्षे साचलेला शेवाळाचा थर) जळत आहे. उन्हाळ्यातला वणवा वरून विझला, खाली धुमसत राहिला. बर्फाच्या पांघरुणामुळे त्याची ऊब टिकली."

"पण शेवाळ ओलं असतं ना?"

"असायचं," मूशुम म्हणाले. "इथे बीव्हर होते (दातांनी झाडे पाडून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी). बांधामागे पाणी तुंबायचं, जमिनीत मुरायचं. ओलं पीट पेटत नाही. शिकार करताना आमचे लोक बीव्हरच्या प्रत्येक घरातली एक जोडी राखायचे. पुढे कातड्यांच्या हावेपायी कुणी काही राखलं नाही. बांध फुटले, जमीन वाळली."

गावाने मोठ्या खटपटीने दुरून बीव्हरची एक जोडी आणली होती. ती उन्हाळ्यात याच ओढ्यात सोडायची होती.

"खोदू, खणून विझव की!"

"चार ठिकाणी विझवता येईल. धूर शेकडो ठिकाणी आहे."

"डॉक्टर झालाय मेला," मूशुम म्हणाले. "औषध नाही, नुसते आकडे."

"मग जोडी आत्ताच सोडू या!"

"बांध उभा राहून जमीन भिजायला वर्षं लागतात. आग बर्फ वितळताच वर येईल." मूशुमनी पलीकडे बोट दाखवलं. "पलीकडच्या ओढ्यात सोडू. तिथे अजून धूर नाही."

"पण हे तुमचं जंगल आहे!"

"बीव्हरना काय त्याचं?"

मे महिन्यात आग वर आली. मुळंच जळाल्यामुळे उभी झाडं एकामागून एक कोसळली. गावाजवळच्या तळ्याच्या काठावरून आम्ही सगळे बघत होतो. मूशुम तेवढे पाठ करून बसले.

खोदू त्याच उन्हाळ्यात जळक्या जमिनीत खचला, वर काढता आला नाही. मूशुम पुढच्या हिवाळ्यात गेले. आईने मातीचं काम सोडलं आणि आम्ही नाशिकला परतलो. मूशुमच्या वडिलांच्या ओढ्यावर आजही झाड नाही. पलीकडच्या ओढ्यात सोडलेल्या जोडीतला नर लवकरच मेला. मादीने पिल्लांना घेऊन बांध पुरा केला.

त्या बांधामागे मैलभर जमीन ओली आहे. नंतर दोनदा वणवा तिथवर आला आणि थांबला.