भालचंद्रकाका ड्रिलमध्ये मेले तेव्हा

पटो न पटो, हे घडलेलं आहे. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीतल्या भालचंद्रकाकांच्या बाबतीत. नव्याण्णव सालचा डिसेंबर, नोएडातलं ऑफिस, बाहेर दाट धुकं.

दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार, अशी हाय तेव्हा सगळ्यांनीच खाल्ली होती. काकांच्या कंपनीचे कॉम्प्युटर नोएडात. त्यातल्या सगळ्या माहितीची नक्कल रोज टेपवर निघायची आणि फरीदाबादच्या ऑफिसात जायची. उद्या नोएडा जळालं तरी फरीदाबादहून काम चालावं, अशी योजना.

पण खरी योजना एकच. काही झालं की काकांना फोन.

जेवताना, झोपेत, सासऱ्यांच्या तेराव्यालासुद्धा. माणूस पार पिचून गेला होता.

त्यात वीणाकाकूंचं ऑपरेशन ठरलं. आणि रजा काही मिळेना.

साहेब अंशुमन, वयाने बराच लहान. त्याने अट घातली. ड्रिल करू. नोएडा जळालं असं समजायचं. तुमच्याशिवाय फरीदाबादवाल्यांनी सिस्टिम उभी केली, तर रजा.

ऐन तिन्हीसांजेला तो हसत म्हणाला, "भालचंद्रजी, आज आप मर गए. किसी से बात नहीं करेंगे."

अशा वेळी असलं बोलू नये हो. वास्तू तथास्तु म्हणते. पण काका इतके दमलेले, की त्यांना उलट बरंच वाटलं. मेलेल्याला कोणी फोन करत नाही. ते चहा घेऊन साहेबासमोरच बसले.

फरीदाबादला सलोनी नावाची मुलगी काम बघत होती. बराच वेळ काहीच कळेना. काकांचा जीव खालीवर. टेप खराब निघाली तर रजा गेलीच.

अचानक... वीज गेल्यामुळे लावलेल्या जनरेटरची घरघर थांबली.

वीज आली नव्हती, दिवे मात्र चालूच.

आणि फोन वाजला.

सलोनी खुशीत होती. सिस्टिम उभी राहिली म्हणाली. पहिली टेप खराबच होती, पण काकांनी दुसरी कुठली लावायची ते सांगितलं.

अंशुमनचा चेहरा उतरला. काका तर त्याच्यासमोर बसले होते.

"सर, वो अभी भी दूसरी लाइन पर हैं."

तिने दोन्ही रिसीव्हर एकमेकांना लावले. अंशुमनने ऐकलं... आणि फोन काकांच्या हातात दिला.

आवाज काकांचाच. तसाच थकलेला.

"इथलं मी बघतो. त्याला घरी जाऊ दे."

रजा मंजूर झाली. सही करताना अंशुमनने काकांकडे पाहिलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. काका काकूंच्या उशाशी बसून राहिले. ऑफिसचा एकही फोन नाही. काकू सुखावल्या. काकांना मात्र ती शांतता खायला उठली.

शेवटी त्यांनीच फरीदाबादला फोन लावला. रिंग पुरती वाजलीही नाही...

"बोला."

तोच आवाज.

काकांच्या तोंडून कसंबसं निघालं, "मी कामावर कधी येऊ?"

पलीकडे जरा वेळ कीबोर्ड खडखडत राहिला.

"कशाला?"

काका परत गेले नाहीत. त्यांना कोणी बोलावलंही नाही.

आज इतकी वर्षं झाली. बसल्या बसल्या काका मधेच विचारतात, "वीणा, मी इथेच आहे ना गं?"

काकू लगेच हो म्हणायच्या.

परवा मी त्यांच्याकडेच होतो. काकांनी विचारलं. काकूंनी आधी त्यांच्या खुर्चीकडे नीट निरखून पाहिलं...

मग हो म्हणाल्या.