गुंजनचा आवाज पुसला तेव्हा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण धनंजय माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि तो उगाच फेका मारणाऱ्यातला नाही. भूतबित म्हटलं की खो खो हसणारा माणूस.

आता हसत नाही.

आणि भूत रात्रीच येतं असं तुम्हाला कोणी सांगितलं? हे घडलं गेल्या वैशाखात, भर दुपारी, भंडाऱ्याजवळच्या मोहाडीत.

बसस्टँडजवळ धनंजयचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं टेकचंद नावाचे एक शेतकरी जुना कॉम्प्युटर कवेत धरून आले. त्यांची एकुलती एक मुलगी गुंजन हिवाळ्यात तापानं गेली होती. दहावीत होती हो. तिचे कपडे, दप्तर, कंगवासुद्धा त्यांनी कारध्याला नेऊन वैनगंगेत सोडला. गेलेल्याची वस्तू घरात राहिली तर जीव अडकतो, असं त्यांच्या घरात मानायचे.

कॉम्प्युटर तेवढा राहिला होता.

त्यात गुंजनचा आवाज होता. पाठांतरासाठी ती भूगोलाचे धडे स्वतःच वाचून रेकॉर्ड करायची. तिची आई रुखमा रोज दिवेलागणीला ते लावून बसायची. एका धड्यात गुंजन मध्येच आईला चहा मागते. तेवढं आलं की रुखमा उठून खरंच चहा ठेवायची. पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही. टेकचंदना ते बघवेना. दुरुस्तीला नेतो, अशी बायकोला थाप मारून ते आले होते.

"सप्पा, सारं पुसून टाक, भाऊ," ते म्हणाले. "कणभरबी राहू देऊ नको. पोरगी सुटली पाह्यजे."

धनंजयनं त्यांना नीट समजावलं. साधं फॉरमॅट म्हणजे धानाच्या पोत्यावरची चिठ्ठी फाडणं, धान आतच राहतं, ते परत काढता येतं. लो-लेव्हल फॉरमॅट म्हणजे डिस्कच्या कोपऱ्याकोपऱ्यात शून्य लिहिणं. मग ब्रह्मदेव आला तरी काही परत येत नाही. त्यात डिस्क जुनी, मध्येच मरायचीही. एक कॉपी काढून ठेवू का, असं त्यानं दोनदा विचारलं.

टेकचंदनी मान हलवली. नाही.

त्यानं डिस्क आपल्या मशीनला जोडली आणि काम सुरू केलं. टेकचंद स्टुलावर बसून राहिले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंख्याची घरघर तेवढी...

आणि मग पंख्याच्या घरघरीत कोणीतरी वाचू लागलं.

मुलीचा आवाज. नदीचं खोरं, गाळाची माती, डावा काठ...

धनंजयनं स्पीकरकडे पाहिलं. त्याची पिन टेबलावर पडली होती.

स्क्रीनवरचे टक्के चढत होते. जसे चढत गेले तसे वाचण्यातले शब्द गळू लागले. आधी एखादा. मग सलग दोन-तीन. नदी... माती...

मग नुसता श्वास.

धनंजयनं टेकचंदकडे पाहिलं. ते दोन्ही कानांवर हात दाबून, डोळे मिटून ढसाढसा रडत होते. "थांबू नको," एवढंच म्हणाले.

पण धनंजयला ते ऐकवेना. त्यानं प्लग उपटला.

व्हायचं तेच झालं. डिस्क परत लागलीच नाही. नुसती टक... टक... आणि मग तेही नाही.

संध्याकाळी रुखमा शेजाऱ्याच्या गाडीवर बसून दुकानात आली. नवऱ्याचं तोंड पाहूनच तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही, भांडली नाही. डिस्क उचलून तिनं कानाला लावली.

"मले काहून आयकू येत नाही?" तिनं विचारलं.

पदरात बांधून ती डिस्क घरी घेऊन गेली.

गेल्या महिन्यात तो त्यांच्या घरी जाऊन आला. रुखमा डिस्क कानाशी धरून बसली होती. तिला काहीच ऐकू येत नाही.

पण टेकचंदना येतं. यंत्राबिंत्राशिवाय. रोज.

मग रुखमा विचारते, पोरगी काय म्हणते. टेकचंद सांगतात, धडा वाचून राहिली. त्यावर ही बिचारी समाधानानं स्वयंपाकाला लागते.

ती आत गेली तशी टेकचंदनी धनंजयचं मनगट घट्ट धरलं.

"धडा नाही वाचत, भाऊ. तुह्या दुकानात तुले धडा आयकू आला, मले नाही. तवापासून एकच म्हणते... बाबा, बंद करा नं."

तेवढ्यात आतून रुखमानं विचारलं, "दुखत-खुपत नाही नं जी तिले?"

"नाही व," टेकचंद म्हणाले. "मजेत हाये."

धनंजयनं ते फॉरमॅटचं काम सोडलं. डिस्क पुसायला कोणी आलं की सरळ भंडाऱ्याला पाठवतो. पण अजूनही कधी मला फोन करतो आणि एकच विचारतो. प्लग तर मी काढला होता ना, पुसणं तिथंच थांबलं... मग ती काय बंद करायला सांगते?