कोरी वडी

निवृत्तीनंतर माझं विनोदी लेखन सुटलं, त्यामुळे दर्यापूर निर्धास्त झालं. पुतणी रागिणीने मग मला एक काम दिलं: काहीही न करण्याचं.

ती अमरावतीच्या प्रयोगशाळेत अणुभट्टीतल्या इंधनाचा अभ्यास करते. ते इंधन म्हणजे चिनीमातीसारख्या भाजलेल्या वड्या. भट्टीत किरणांचा मारा सोसता सोसता वडीच्या कडेचे कण फुटून बारीक होतात, आत वायूचे बुडबुडे धरतात, वडी फुगते. खरी वडी हिला कोण देणार? म्हणून ती सिरियम नावाच्या निरुपद्रवी धातूच्या भस्माच्या वड्या भाजते आणि एका दूरच्या यंत्रातून त्यांच्यावर मारा करून आणते. तुलनेसाठी एक कोरी, मारा न झालेली, ठेवायची. कोरी बिघडली, तर प्रबंध गेला.

प्रयोगशाळेत अदलाबदल नको, म्हणून कोरी तिने माझ्याकडे दिली. मी ती चष्म्याच्या डबीत घालून खिशात बाळगली.

अब्दुल गफ्फारच्या हॉटेलात माझे कप तडकायचे ते जुनंच. काठापासून, बारीक. या खेपेला त्याने सरळ स्टीलचा पेला पुढे केला.

"सर, बाकी लोकायचे कप तर सलामत हायेत. तुमचाच काहून तडकते?"

मी म्हणालो, टीकाकार भांड्यांत शिरले. तो हसला नाही.

तपासणीला मी वडी घेऊन अमरावतीला गेलो. रागिणीने ती सूक्ष्मदर्शकात ठेवली आणि पडद्याकडे पाहत राहिली. कडेचं पीठ झालं होतं. पिठात गोल बुडबुडे.

"काका, वडी कोठं ठेवली होती तुमी?"

"खिशात."

वडी बदलली असेल, असं मी सुचवलं. तिने स्वतः कोरलेली खूण दाखवली. किरण मोजायचं यंत्र वडीवर धरलं, मग माझ्यावर. दोन्हीकडे शांत.

"मंग यात वायू आला कोठून?"

वातावरण हलकं करावं म्हणून मी पाकिटातली पुडी काढली. माझ्या दाढेवरची चिनीमातीची टोपी. तोंडात मावेनाशी झाली, म्हणून दंतवैद्याने उतरवलेली. वडी माझ्याकडे येण्याच्या कितीतरी आधी.

रागिणीने ती सूक्ष्मदर्शकात ठेवली.

पडद्यावर काठ उमटला.

पीठ. बुडबुडे.

नव्या कोऱ्या वडीची पेटी टेबलावर होती, ती उचलून तिने खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

मग आपली खुर्चीही.