रोज एकच फोटो

कचेरीतला कार्बन पेपर संपला नसता, तर मी त्या गल्लीत गेलेच नसते.

डिसेंबरातली दुपार. इंदापूरच्या स्टँडमागच्या गल्लीत स्टेशनरीचं दुकान, त्याला लागून एक फोटो स्टुडिओ. दारावर ‘सावली फोटो’ अशी पाटी. ती पाहिली आणि मामा आठवला. म्हस्कूमामा, आईचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नाचं त्यानं अंगावर घेतलं होतं. परवाच म्हणाला होता, “सुकन्या, फोटो नवा काढ बाई. जुना नऊ घरं फिरून आला. त्यात तू लई रागावल्यागत दिसतीस.”

मी रागावलेली नव्हते. दमलेली होते. पहाटे सांगवीहून निघायचं, बारामतीला गाडी बदलायची, लासुर्ण्यापर्यंत तरी उभ्यानं यायचं, दिवसभर कचेरीत टाइपरायटर बडवायचा आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. दीड वर्ष हे चाललं होतं. वय सत्तावीस. ‘उरकून टाकू एकदाचं’ म्हणून मी आत शिरले.

काउंटरमागं एक जण कात्रीनं फोटोंच्या कडा कापत बसला होता. तिशीचा असेल. डोळ्यांखाली काळं. मान वर करून म्हणाला, “पासपोर्ट का स्थळाचा?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“स्थळाचा. पासपोर्टवाल्या एवढ्या दमून येत न्हाईत.”

मला राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात जोर लागतो. मी गपचूप पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसले. पडद्यावर रंगवलेलं तळं आणि दोन बदकं.

“हसा जरा.”

“हसले की.”

“कुठं?”

“मनातल्या मनात.”

तो कॅमेऱ्यामागून बाहेर आला, माझ्याकडं पाहिलं, परत आत गेला. “बरं, झाला. उठा.”

मी सुटकेचा श्वास सोडला, खांदे पाडले, दुखणारी बोटं चोळत त्याच्याकडं पाहून म्हणाले, “एवढ्या लवकर?” तेवढ्यात खट्ट झालं.

“हे काय?”

“आत्ता काढला. मघाशी नुसतंच म्हणालो.”

चार दिवसांनी कॉप्या आणायला गेले. फोटोतली बाई मी होते आणि नव्हतेही. ओठांवर हसू यायच्या बेतात थांबलेलं, डोळे अगदी मोकळे. मी तो बराच वेळ धरून उभी राहिले.

“आवडला न्हाय?”

“आवडला... पण अशी मी कधी असते, ते मला माहीतच नाही. मागच्या गुरुवारी मी काय केलं, तेसुद्धा आठवत नाही. सगळे दिवस एकासारखे एक.”

त्यानं काउंटरखाली वाकून एक जुना डबा कॅमेरा काढला. वर धूळ. शर्टाच्या बाहीनं पुसला. “बारा फोटोंचा रोल बसतो ह्यात. मुदत संपत आलेले तीन रोल पडलेत माझ्याकडं, टाकूनच द्यायचेत. न्या. रोज एक फोटो काढायचा.”

“कशाचा?”

“कशाचाबी. पण एकच. चुकला तरी दुसरा न्हाय. उजेड असंल तितंच काढा, आत अंधारात काय येत न्हाय.”

“आणि यानं काय होणार?”

“मागचा गुरुवार सापडंल,” तो म्हणाला. मग जरा थांबून, खाली बघत, “मी काढायचो असं. दोन वर्षं काढले. मग लग्नाच्या ऑर्डरी वाढल्या... राहून गेलं.”

त्याचं नाव मानसिंग. मला ‘मॅडम’ म्हणायचा. कचेरीत साहेबांनाही कुणी इतक्या अदबीनं ‘साहेब’ म्हणत नसेल.

पहिले तीन दिवस नुसती फजिती. एका फोटोत माझाच अंगठा. एक एसटीच्या खिडकीतून काढला, त्यात गज आला फक्त. चौथ्या दिवशी बारामती स्टँडवर बाकड्यावर बसलेली एक म्हातारी दिसली. डोक्यावर पाटी तशीच ठेवून ती डुलकी काढत होती. मी कॅमेरा छातीशी धरला आणि दाबलं.

मग नाद लागला. सकाळी गाडीत बसले की डोळे मिटायचे, ते उघडे राहायला लागले. आज काय? आज कोण? गाळपाचे दिवस होते. माळेगावच्या कारखान्याकडं उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत मळीचा आंबूस वास. रांगेतल्या एका बैलानं जू मानेवर असतानाच पाय दुमडले होते. गाडीवान उसाच्या मोळ्यांवर पालथा. तो एक काढला. आईच्या टाचांचा एक काढला. आई, सारजाबाई, दिवसभर रानात असते. संध्याकाळी उन्हात पाय पसरून बसली होती. “टाचंचं काय फोटू काढतीस, मेले,” म्हणाली, पण पाय हलवले नाहीत.

बारा झाले की रोल मानसिंगकडं द्यायचा. तो आतल्या खोलीत धुवायचा. दोन दिवसांनी मी दुपारच्या सुट्टीत जायचे. पहिल्या रोलच्या वेळी त्यानं फोटो काउंटरवर एकेक मांडले आणि परत एकेक उचलून बघायला लागला.

“वाईट आहेत?”

“न्हाय. मॅडम, एक इचारू? ह्यात एकबी माणूस ताठ बसलेला न्हाय. सगळी दमल्यात. बैलसुद्धा.”

मी पाहिलं. खरंच होतं. म्हातारी, गाडीवान, आई, जांभई देणारा कंडक्टर, फायलींवर कोपर टेकलेला आमचा शिपाई. मी ठरवून काढले नव्हते.

“मला तेवढंच दिसतं बहुतेक,” मी म्हणाले आणि एकाएकी माझा आवाज भरून आला. कारण काही नव्हतं. म्हणजे कुणी मेलं नव्हतं की काही बिघडलं नव्हतं. पण दीड वर्षात मी दमलेय हे कुणी ओळखलं नव्हतं, मी धरून.

त्यानं ‘रडू नका’ वगैरे काही म्हटलं नाही. आतली लाकडी खुर्ची आणून दाराशी उन्हात ठेवली. “वीस मिनिटं हायत तुमच्या सुट्टीची. बसा. डोळा लागला तर लागू द्या. मी बाहेर उभा ऱ्हातो, वेळ झाली की उठवतो.”

मी झोपले. परक्या माणसाच्या दुकानात, भर दुपारी. उठले तेव्हा तो पायरीवर पाठमोरा उभा होता आणि एका गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगत होता, “जरा दम धरा की पाव्हणं. आत रोल धुयाला टाकलाय, अर्ध्या तासानं या.”

“खोटं बोलता की तुम्ही,” तो माणूस गेल्यावर मी म्हणाले.

“धंद्यात बोलावं लागतं. नवरीच्या आईला तर मी कायम म्हणतो, तुमीच थोरल्या भनी दिसताय.”

मी हसले. या खेपेला मनातल्या मनात नाही.

दुसरा रोल संपला, तिसरा लागला. रोल संपायच्या आधीच मी तिकडं चक्कर टाकायला लागले. कधी तो फोटो धुवायच्या पावडरीत हात घालून बसलेला असायचा, कधी लग्नाहून रात्रभर जागून आलेला. दोघं चहा प्यायचो, दारात उभ्यानंच. लोकांना दिसेल असं. बोलणं फार नसायचं.

“आज कुणाचा काढला?”

“सांगत नाही. धुताना बघा.”

“चुकला असंल.”

“चुकला तरी दुसरा नाही. नियम तुमचाच.”

तो मान हलवून हसायचा... आणि मी कचेरीत जाऊन तीन पत्रं चुकीची टाइप करायचे.

जानेवारी सरता सरता एकदा गेले, तर दुकान उघडं आणि काउंटरवर हातांची उशी करून मानसिंग झोपलेला. तोंड किंचित उघडं. दारातून आलेलं ऊन त्याच्या कानापर्यंत पोचलेलं. मी दाराशीच थांबले. तिसऱ्या रोलमधला शेवटचा फोटो शिल्लक होता. दाबला. खट्ट आवाजानं तो जागा झाला नाही. रोल गुंडाळून पुडीत घातला, त्याच्या हाताशी ठेवला आणि पाऊल न वाजवता निघून आले.

त्याच संध्याकाळी घरी पोचले, तर म्हस्कूमामा ओसरीवर बसलेला. पेढे घेऊन.

“जमलं गं. सुप्याचं स्थळ. पोरगा पिंपरीला कंपनीत सुपरवायझर हाय. नुसता तुझा नवा फोटू बघून होकार दिलाय त्यानं. ऐतवारी यायची हायत बघायला, पर ते नावापुरतंच.”

आई डोळे पुसत होती. आबा, माझे वडील, शेजारीच होते. दोन वर्षांत पहिल्यांदा पाठ सरळ करून बसलेले दिसले. मी ‘बरं’ म्हणाले. नाही म्हणायला कारण लागतं, आणि ते शोधायचीही ताकद नव्हती. पुण्याकडं गेले तर एसटी तरी सुटेल, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मानसिंगला सांगितलं. “तुमच्या फोटोनं काम केलं. लग्न जमलं माझं.”

त्याच्या हातात कात्री होती. ती तशीच राहिली.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. मग उगीचच काउंटर पुसायला लागला. “कुठलं?”

“पिंपरी.”

“लांब हाय.” आणि फडक्याची घडी घालत, “रोल अजून धुतला न्हाय. सवड न्हाय झाली.”

एवढंच. मी दोन मिनिटं उभी राहिले. त्यानं आणखी काही म्हणावं म्हणून उभी राहिले, हे मला गल्लीच्या टोकाशी आल्यावर कळलं, आणि स्वतःचाच राग आला.

रविवारी ती मंडळी आली. मुलगा साधा होता, सरळ होता. थोरल्यांनी आम्हाला गोठ्यामागच्या लिंबाखाली बोलायला पाठवलं. तो म्हणाला, “फोटोत तुम्ही फार मोकळ्या दिसता. म्हणून हो म्हणालो.”

“फोटो काढणारा चांगला होता,” मी म्हणाले.

वाक्य तोंडातून गेलं आणि मला माझंच ऐकू आलं. त्यालाही आलं असावं. तो पायानं एक ढेकूळ फोडत राहिला.

“हे बघा,” तो म्हणाला, “मी पण चौदा घरं फिरलोय. कंटाळा आलाय मलाही. मनात नसेल तर आत्ताच सांगा. लग्नानंतर कळण्यापेक्षा बरं.”

“मनात नाही,” मी म्हणाले. “माफ करा.”

“माफी कशाची,” तो म्हणाला. घरच्यांना त्यानं ‘कळवतो’ एवढंच सांगितलं आणि गाडी गेली.

दिवस मावळताना आबा बैलांना पेंड घालत होते. मी जाऊन सांगून टाकलं, की मीच नाही म्हणाले. मामाला काय वाटेल, गावात काय बोलतील, सगळं त्यांच्या तोंडावर उमटून गेलं. पण ते ओरडले नाहीत. तरुणपणी मेंढरांमागं घाट-कोकण पायी तुडवलेला माणूस, सहसा ओरडत नाही.

“दुसरं कोण हाय का?”

“हाय.”

“काय करतो?”

“फोटो काढतो. इंदापुरात दुकान आहे.”

“आपल्यातला?”

“हो. विचारलं होतं मी आडून.”

“त्याचं काय म्हननं हाय?”

मी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

“म्हंजी त्याला ठावंच न्हाय?” आबांनी पेंडीचं घमेलं खाली ठेवलं. “आगं, हातचं स्थळ घालवलंस, आन ज्याच्यापायी घालवलंस त्याला इचारलंसुदीक न्हाय?”

“नाही.”

“मग जा की, इचार. माझ्या तोंडाकडं काय बघतीस.”

सोमवारी दुपारी पळत गेले, तर स्टुडिओला कुलूप. शटरवर खडूनं लिहिलेलं: लग्नाच्या ऑर्डरला बाहेरगावी. गुरुवारी उघडेल. तीन दिवस मी त्या गल्लीतून उगीच गेले. कार्बन पेपर इतका झाला, की शिपाई म्हणाला, “बाई, वर्षाची सोय केली का?”

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. मानसिंग नुकताच आला होता. पाठीवरची बॅगही उतरवली नव्हती. डोळे लाल. मला पाहून त्यानं ड्रॉवरमधून पाकीट काढून पुढं केलं.

“अकरा हायत. बारावा न्हाय छापला.”

“का?”

“झोपेत तोंड उघडं हाय माझं.” तो पाकिटाशी चाळा करत होता. “मॅडम... तुमी फक्त दमलेली माणसं काढता, ते मला ठाऊक हाय. तरीबी इचारतो. मला का काढलं?”

मी पाकीट त्याच्या हातातून घेऊन काउंटरवर ठेवलं. 

“ते लग्न मोडलं मी,” मी म्हणाले. “रविवारी. आबांना तुमचं सांगितलं. तुम्हाला न विचारता... ते म्हणाले, आधी विचारून ये.”

मानसिंग खाली बसला. खुर्ची नव्हती, फोटोंच्या खोक्यावर बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“मी त्या दिवशी बोलणार होतो,” तो म्हणाला. “पर म्हटलं, कंपनीतला पोरगा... आन मी हितं पावडरीत हात घालून बसलेला. रातभर दुसऱ्यांच्या वराती काढणारा. घरी येईन तवा तुमी झोपलेल्या असाल, तुमी निघाल तवा मी.”

“रविवार असतो की.”

“रविवारी मुहूर्त असत्यात.”

“मग वीस मिनिटांची सुट्टी असते,” मी म्हणाले. “दुपारची.”

त्यानं वर पाहिलं. आणि हळूहळू, इतके दिवस दाबून ठेवलेलं असावं तसं, हसू त्याच्या त्या जागरणानं सुजलेल्या तोंडावर पसरलं.

“आबांना काय सांगू?” मी विचारलं.

“तुमी कशाला सांगता. मी येतो.”

“कधी?”

“आत्ता. उद्यावर टाकलं तर परत भ्यायला लागंन.”

साडेतीनलाच त्यानं शटर ओढलं. गाडीत आम्हाला एका बाकावर जागा मिळाली, ती आमच्या नशिबानं नाही, कंडक्टरच्या मेहेरबानीनं. मध्ये माझी पर्स ठेवली होती, बघणाऱ्यांसाठी. आबांशी काय बोलायचं याची तो तयारी करत होता. “रामराम म्हणीन. मग म्हणीन, मी मानसिंग...” लासुर्णे यायच्या आत त्याची मान खिडकीकडं कलली. तीन रात्रींचं जागरण होतं. रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं मी झोपून जायचे; त्या दिवशी जागी राहिले. खड्डा आला की त्याचं डोकं गजावर आपटू नये म्हणून मध्ये हात धरला. बारामतीपर्यंत हात बधिर झाला, पण काढावासा वाटला नाही.

सांगवीत उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. आबा दारातच होते. मानसिंगनं पायताण काढलं, वाकून पाया पडला आणि पाठ केलेलं सगळं विसरला. नुसताच उभा राहिला, शर्ट चुरगळलेला, डोळे लाल.

आबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“सारजे,” त्यांनी आत हाक मारली, “पानी आन. आन घोंगडं टाक ओसरीला. पावनं लई दमून आल्यात, बोलायचं ते जेवल्यावर बोलू.”