खालच्या चर्चची भिंत

ही गोष्ट खरी आहे. हसायचं तर खुशाल हसा. माझ्या जावेच्या, स्मारांदाच्या बाबतीत ती घडली. इथेच, रोमेनियातल्या आमच्या गावात. तीही भर दुपारी.

गावात दोन जुनी ऑर्थोडॉक्स चर्च आहेत. एक टेकडीवरचं, एक ओढ्याकाठचं. दोन्ही एकाच सरदाराने बांधलेली, त्याच गवंड्यांच्या हातची. तीच तीन पाकळ्यांची आखणी, तेच विटांचे पट्टे, तोच आठ बाजूंचा मनोरा.

पण वरच्या चर्चला आजवर साधी चीर नाही. खालच्याची दक्षिणेची भिंत मात्र दरवर्षी बर्फ वितळलं की फाटते.

स्मारांदा शाळेत इतिहास शिकवते. दोन्ही चर्चवर तिला लेख लिहायचा होता. दोन वर्षांच्या सांदाला कडेवर घेऊन ती खालच्या चर्चपाशी गेली. गावातले म्हातारे गवंडी तोआदेरकाका चीर बुजवायला चुना कालवत होते.

"काका, दोन्ही चर्च जुळी. मग हेच का फाटतं?"

"वरच्या भिंतीत सावली आहे, मास्तरीणबाई. हिच्यात घालायची राहिली."

ही जुनी रीत आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक. गवंडी एखाद्या बेसावध माणसाची सावली दोऱ्याने मापायचे आणि तो दोरा भिंतीत चिणायचे. भिंत टिकायची. माणूस थोड्याच दिवसांत जायचा... आणि भिंतीतच राहायचा. अजूनही बांधकामाजवळून जाताना बायका पोरांवर ओरडतात, "सावली सांभाळा रे!"

"मग तुमचीच घाला की. चांगली रुंद आहे!"

"माझी? रोज संध्याकाळी भिंत दारू मागेल!"

हसत हसत काका पाणी आणायला ओढ्यावर गेले.

चीर वाकडीतिकडी होती. लेखासाठी मोजायला टेप बसेना. स्मारांदाने सांदाला खाली उतरवलं, पिशवीतला लाल लोकरीचा धागा चिरेवर वरपासून खालपर्यंत धरला आणि मापाला गाठ मारली.

मग तिच्या लक्षात आलं...

चिरेवर सांदाची सावली पडली होती. डोक्यापासून पायांपर्यंत. धागा बरोबर तेवढाच होता.

तिने तो झटकन ओढला.

आला नाही.

आतून कोणीतरी ओढत होतं... हळूहळू... सूत गुंडाळावं तसं. गाठ आत गेली. टोक बोटांतून निसटलं.

"काका!"

काका धावत आले. त्यांच्या हातून बादली पडली.

चीर नव्हती. चुन्याला कोणी हात लावला नव्हता, तरी भिंत सलग होती.

"फोडा ती! नाहीतर हातोडा इकडे द्या!"

"फोडून काय होणार, पोरी? दोरा काढला म्हणून सावली परत आल्याचं मी कधी ऐकलं नाही. आणि घाव बसला तर आत जे आहे त्याला..."

काकांनी हातोडा उचलून लांब ठेवला.

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. "लेक कडेवर धडधाकट आहे. रडतेस कशाला?"

रात्र रात्र ती सांदाच्या नाकापुढे बोट धरून बसायची. श्वास चालू असायचा. आठवडे गेले. सांदाला साधा तापही आला नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

मग एका रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावताना तिला ऐकू आलं. भिंतीतून. अगदी बारीक...

"आई..."

सांदा शेजारीच उभी होती. तोंड मिटून.

आज सांदा सहा वर्षांची आहे. खाते, खेळते, माझ्या बाळाचा पाळणा हलवते. भिंतीतला आवाज मात्र अजून दोन वर्षांच्या पोरीचाच आहे. स्मारांदा रोज दुपारी तिथे जाऊन भिंतीला कान लावून बसते. नाही गेली तर तो रडतो, म्हणते. लेख अर्धाच पडून आहे. दोन चर्चमध्ये आता फरकच उरलेला नाही.

परवा मी चिडले. "अगं, तुझी लेक घरी वाट बघतेय!"

भिंतीवरचा कान न काढताच ती म्हणाली,

"त्या दुपारपासून घरातल्या सांदाने मला एकदा तरी आई म्हटलेलं तू ऐकलंयस?"

मी आठवून पाहिलं...

अजून आठवतेच आहे.